फ्रिजमधली आणि फळीवरची

सासरे: ओतू नकोस, थांब. आधी माझं ऐक. ती फ्रिजमधली बाटली नाही.

सून: अहो बाबा, आत्ता तुमच्यादेखत फ्रिज उघडून काढली. फ्रिजमधली नाही तर काय विहिरीतली आहे?

सासरे: फ्रिजमधून काढलीस, कबूल. पण ती फळीवरची आहे. आणि फळीवर जी उभी आहे ना, ती फ्रिजमधली.

सून: हे बघा, कारखान्यातून मालकीणबाई निघाल्यात. कोणत्याही क्षणी दारात येतील. पेले पुसायचेत, टेबल आवरायचंय, आणि तुम्ही मला कोडी घालताय. सरका जरा.

सासरे: सरकतो. पण ऐक. रविवारी मी फ्रिज पुसला.

सून: बरं केलंत.

सासरे: बरं कसलं! सगळं बाहेर काढून टेबलावर मांडलं. मग म्हटलं, पुसतोच आहे तर वरची फळीही पुसू. तिथली बाटली खाली घेतली. दोन्ही बाटल्या एकाच वाइनच्या, दोन्ही अर्ध्या, दोघींच्या तोंडात सारखंच बूच. जुळ्या बहिणी. ठेवताना इकडची तिकडे झाली.

सून: गळ्याला चिठ्ठ्या बांधल्या होत्या मी. 'फ्रिज' आणि 'फळी'. एवढं ठळक लिहून!

सासरे: त्या भिजल्या. सोडवून उन्हात वाळवल्या, पुन्हा बांधल्या. चष्मा बाहेरच्या खोलीत होता. म्हटलं, दोनच तर चिठ्ठ्या आहेत, त्यात काय चुकणार!

सून: कशावरून म्हणता अदलाबदल झाली? नसेलही झाली.

सासरे: फळीवरच्या बाटलीच्या बुडाला टवका उडालाय. तू आणलीस त्या दिवशीच मी ती ओट्यावर आपटली होती, तुला बोललो नव्हतो. सोमवारी दूध काढायला फ्रिज उघडला, तर टवका माझ्याकडे बघून हसतोय.

सून: सोमवारी? आज शुक्रवार आहे, बाबा! सोमवारीच का नाही सांगितलंत?

सासरे: सांगणारच होतो.

सून: मग? दातखीळ बसली होती?

सासरे: अगं, म्हटलं संध्याकाळी तू चाखशीलच. एका घोटात ओळखशील आणि माझी बिनपाण्याने करशील. मी तयारीने बसलो होतो. माफीसुद्धा जुळवून ठेवली होती मनात.

सून: चाखली की मी.

सासरे: तू ही टवक्याची बाटली काढलीस. पेल्यात ओतलीस, फिरवलीस, नाकाशी नेलीस, घोट घेतलास. आणि मालकीणबाईंना फोन लावून म्हणालीस, 'फ्रिजमधली एकदम झकास. फळीवरची गेली.' मंगळवारी तेच. बुधवारी तेच. आज दुपारी तर म्हणालीस, 'फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकते, लेबलावर बिनधास्त छापा.'

सून: फरक बारीक असतो. तुम्हाला नाही कळायचं ते.

सासरे: मला कळला.

सून: काय?

सासरे: तू आंघोळीला गेलीस तेव्हा दोन्हींतला एकेक घोट घेतला. फ्रिजमध्ये आहे ती कामातून गेलीये. कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडल्यावर येतो ना, तसा वास, आणि मागून शिरक्याचा. फळीवरची त्यामानाने बरी आहे, पण तीही आता उतरायला लागलीये. मला कळलं, पोरी. मी शिंपी माणूस. साठीपर्यंत दारूचा थेंब शिवला नव्हता. हे वास ओळखायला मला तूच शिकवलंस ना, इथेच, याच टेबलाशी बसवून? मग तुला कसं कळलं नाही?

सून: दमले होते. लक्ष नव्हतं.

सासरे: रोज?

सून: बाबा, नका ना मागे लागू. पेले कुठे ठेवलेत? ते पातळ काचेचे. इथे होते.

सासरे: तुझ्या हातात आहेत.

सून: मग पुसून घेते.

सासरे: बस. पुसून पुसून झिजवशील त्यांना. बस म्हणतो ना. रोज सकाळी ओट्याशी तू लवंगा हुंगतेस. लिंबाची साल हुंगतेस. साबणाची वडी, कॉफीचा डबा. मी बघतो. मला आपलं वाटलं, गोड बातमी आहे.

सून: बाबा!

सासरे: वाटलं, त्याला मी काय करू? तुझ्या सासूबाईही तेव्हा काहीबाही हुंगायच्या. मी तुझ्या नणंदेला फोनही केला.

सून: काय सांगितलंत?

सासरे: नुसतं 'बहुतेक' म्हणालो.

सून: तरीच! तरीच परवा त्यांनी मला विचारलं, पाय सुजतात का म्हणून! आणि हे तिकडे बाहेरगावी कामावर, त्यांना कळलं असेल तर रात्रीची गाडी धरून येतील! अहो, काय हे!

सासरे: हस. हस जरा. आणि मग खरं सांग.

सून: वास येत नाही मला.

सासरे: कशाचाच?

सून: कशाचाच. तो ताप आला होता ना मला? ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला आंबट कळतं, गोड कळतं, तुरट कळतं. बाकी सगळं नाकाचं असतं, ते गेलं. मोठ्या डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. येईल म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत. रोज चार गोष्टी हुंगा म्हणाले. हुंगते. कोरा कागद हुंगावा तसं वाटतं.

सासरे: आणि नवऱ्याला?

सून: नाही सांगितलं. सांगितलं की खरं होईल असं वाटतं.

सासरे: मग रोज त्या बाईंना फोनवर काय सांगत होतीस?

सून: जे व्हायला हवं ते. इतकी वर्षं हेच करतेय ना! नवी वाइन आली की बाटल्या घरी आणायच्या, लोक उघडतात तशा उघडायच्या, एखादा पेला प्यायचा आणि उरलेली ठेवून द्यायची. एक फळीवर, एक फ्रिजमध्ये, आणि एक लहान बाटलीत गळ्यापर्यंत ओतून, म्हणजे वर हवेला जागाच राहत नाही. आणि रोज चाखून सांगायचं, कुठली कधी उतरली. मला पाठ आहे ते. उघड्यावरची आधी जाते, गारव्यातली टिकते. तेच सांगत होते. तुम्ही फ्रिज पुसला नसता तर…

सासरे: तर खोटं खपलं असतं.

सून: खोटं नव्हतं ते! बरोबरच होतं. फक्त मी बघून सांगत नव्हते, एवढंच.

सासरे: आणि आता चुकलंय.

सून: आता चुकलंय. उद्या सकाळी लेबलं छापखान्यात जाणार. प्रत्येक बाटलीच्या पाठीवर येणार, 'उघडल्यावर फ्रिजमध्ये आठवडाभर ताजी.' कुणाच्या तरी घरी पाहुणे येतील, ठेवलेली अर्धी बाटली काढतील आणि सगळ्यांची तोंडं वाकडी होतील. माझ्या शब्दावर.

सासरे: सांगून टाक बाईंना.

सून: सांगून टाक म्हणे! बोलायला काय जातं तुमचं? मी त्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागले होते, बाबा. शिक्षण नाही, ओळख नाही. एकदा नुसती बाटली धुताना म्हणाले, या पिंपाचं बूच सडलंय. कुणी ऐकेना. मालकीणबाईंनी पिंप उघडलं, तर निघालं. तिथून चाखायच्या खोलीत गेले. तिथे मला नावाने कोणी हाक मारत नाही, नाकवाली म्हणतात. नाकच नाही म्हटल्यावर मी कोण? सांगा ना!

सासरे: माझी सून.

सून: त्याचा पगार देता का तुम्ही?

सासरे: चहा देतो.

सून: तुम्हाला थट्टा सुचते. माझी नोकरी चाललीये.

सासरे: थट्टा नाही. इकडे बघ. दुकान बंद करायच्या आधी कितीतरी वर्षं मला सुईचं भोक दिसत नव्हतं. माहीत होतं कुणाला? तुझ्या सासूबाई सकाळी उठून सुया ओवायच्या आणि उशीला टोचून ठेवायच्या. पांढऱ्या दोऱ्याच्या एका बाजूला, काळ्याच्या दुसऱ्या. मी दिवसभर घ्यायच्या आणि शिवायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, या वयात काय नजर आहे हो तुमची! ती आतून हसायची.

सून: हे मला कधी सांगितलं नाहीत.

सासरे: कुणालाच नाही. म्हणून म्हणतो, सुई मी ओवतो. बाई येतील, पेला भरतील. आधी मी हुंगतो, म्हातारा आहे, कोण काय म्हणणार? वाइन चांगली असली तर कान खाजवीन. गेलेली असली तर खोकेन.

सून: तुम्हाला बारा महिने खोकला असतो. सगळा कारखाना ओतून द्यावा लागेल.

सासरे: मग उलट करू. गेलेली असली तर कान.

सून: बाबा, सासूबाई गेल्यावर तुम्ही दुकान बंद केलंत ना?

सासरे: हं.

सून: सगळे म्हणाले, दुःखाने.

सासरे: दुःख होतंच की. पण सुया ओवायला कुणी राहिलं नव्हतं.

सून: आणि मी इतकी वर्षं कधी विचारलंही नाही.

सासरे: बरं, ते जाऊ दे. दुसरी वाट आहे. सगळं माझ्यावर ढकल. सांग, म्हाताऱ्याने फ्रिज पुसताना बाटल्यांची अदलाबदल केली, दोन्ही बाटल्या बाद, लेबल थांबवा, नव्याने ठेवून बघते. यात खोटं काहीच नाही. मी केलंच आहे ते. तोवर तुझं नाक येईलही.

सून: आणि नाही आलं तर?

सासरे: तेव्हाचं तेव्हा बघू. तू नुसती गप्प राहा. बोलायचं ते मी बोलतो. आणि ती खिडकी उघड जरा.

सून: कशाला? वारा सुटलाय, टेबलावरचे कागद उडतील.

सासरे: उघड गं. कोंदटल्यासारखं वाटतंय.

(दाराची घंटा वाजते.)

सून: आल्या! बाबा, मी गप्प राहीन. तुम्हीच बोला. या, बाई, या. चपला राहू द्या, तशाच या आत.

मालकीण: उशीर झाला. वाटेत गाड्या तुंबल्या होत्या. काका, बसा बसा, उठू नका. अरे, तुम्ही तर तुरुतुरु चालताय! मागच्या वेळी हातात काठी होती ना?

सासरे: हो, होती. आता… हवा मानवली.

मालकीण: हवा. हं. खिडकी उघडू का?

सून: उघडा ना. गरम होतंय का तुम्हाला?

मालकीण: नाही, गरम नाही होत. तुम्हाला दोघांना काही… नाही ना? बरं. त्या बाटल्या ना? आण.

सासरे: बाई, बाटल्यांचं आधी मी सांगतो. गुन्हेगार मी आहे. रविवारी फ्रिज पुसला, चिठ्ठ्या भिजल्या, मी उलट बांधल्या. फ्रिजमधली फळीवर गेली, फळीवरची फ्रिजमध्ये. चूक सगळी माझी, हिची त्यात काडीचीही नाही. तेव्हा लेबल थांबवा. ही नव्याने सगळं करेल.

मालकीण: असं झालं होय! मग थांबवू. छापखाना काय पळून जात नाही. काका, एवढं काय त्यात, माणूस आहे, होतं.

सासरे: तेच मी हिला म्हणत होतो.

मालकीण: फक्त एक सांगा. रविवारी बाटल्या बदलल्या. सोमवारपासून आज दुपारपर्यंत ही मला फोनवर सांगतेय, फ्रिजमधली झकास.

सासरे: हो, म्हणजे… फरक बारीक असतो ना.

मालकीण: हिला बारीक? ही काय म्हणते?

सून: लक्ष नव्हतं, बाई. दमले होते.

मालकीण: बरं. दमली असशील. चूल बंद आहे का गं?

सून: चूल? हो. कधीचीच.

मालकीण: मग मी दारातून आत आल्यापासून लसणीचा वास कशाचा येतोय?

सून: लसणीचा?

मालकीण: भपकारा मारतोय. डोकं धरलंय माझं.

सून: कदाचित शेजारी…

सासरे: माझ्या गुडघ्याचा आहे, बाई. लसूण टाकून कडवलेलं तेल. चोळतो मी. हवा नाही मानवली, तेल मानवलं.

सून: बाबा. तुम्ही तेल लावता?

मालकीण: तुला माहीत नाही? या घरात मी पहिल्यांदा आले, तेव्हा तू मला दारातूनच मोरीत पाठवलं होतंस. हाताला साबणाचा वास येतो म्हणून. नुसत्या पाण्याने हात धुवायला लावलेस. तुझ्या मालकिणीला! आणि आज घरात लसणीचा घाणा चाललाय आणि तू मला विचारतेस, गरम होतंय का?

सासरे: बाई, म्हातारपणी माणूस तेल लावणारच. मीच लपवून…

सून: बाबा, राहू द्या. मला वास येत नाही, बाई. तापापासून. लसणीचा नाही, वाइनचा नाही, कशाचाच नाही. बाटल्या बदलल्या ते मला कळलंच नाही. न बदलता राहिल्या असत्या तरी कळलं नसतं. मी अंदाजाने सांगत होते.

मालकीण: बस खाली आधी.

सून: तुम्हाला राग आला नाही?

मालकीण: आलाय. पण आजचा नाही. आपला तो नवा हिशेबनीस अत्तराने आंघोळ करून आला होता ना त्या दिवशी? पिंपांपाशी तुझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सगळे कामगार तुझ्या तोंडाकडे बघत होते. आता फुटेल, आता फुटेल. तू त्याला म्हणालीस, 'जरा तो दिवा इकडे धरा.' तेव्हाच मला कळलं, कुठेतरी बिनसलंय.

सून: तेव्हाच का नाही विचारलंत?

मालकीण: विचारलं असतं तर म्हणाली असतीस, सर्दी झालीये. वाट बघत होते, तू आपणहून कधी येतेस. रोज फोनवर 'झकास' ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. लेबलासाठी कोणी एवढ्या लांब येतं का? लेबल फोनवर झालं असतं.

सासरे: म्हणजे तुम्हीही तिच्या ओरडण्याची वाट बघत होतात.

मालकीण: तुम्हीही?

सासरे: मी तर माफी जुळवून बसलो होतो.

मालकीण: तापानंतर तू किती पिंपं पास केलीस?

सून: दोन.

मालकीण: कशावरून?

सून: रंगावरून. जिभेवरून. आणि ताप यायच्या आधी ती कशी होती, ते आठवून.

मालकीण: आठवून! अगं, त्या दोन पिंपांवर माझं वर्ष उभं आहे. तुझी आठवण बाटलीत भरून विकू का मी?

सून: चुकलं.

मालकीण: ती दुसऱ्या कुणाकडून चाखून घ्यावी लागतील. आणि वास परत येईपर्यंत चाखायच्या खोलीत तुला पाय टाकता येणार नाही. हे मला गोड करून सांगता येत नाही, ऐकून घे.

सून: बाटल्या धुवायला येऊ?

मालकीण: वेड लागलंय का? सोमवारी ये. काय करायचं ते समोरासमोर बसून ठरवू. आत्ता माझं डोकं तापलंय, आणि तापल्या डोक्याने मी काही ठरवत नाही. निघते. या बाटल्या राहू दे इथेच. काका, गुडघ्याला आराम आहे ना खरंच?

सासरे: आहे हो. जिना चढतो आता.

मालकीण: मग लावत जा. नको उठूस, दार ओढून घेते मी.

(दार ओढल्याचा आवाज येतो.)

सासरे: गेल्या. चिडल्या, पण बसून बोलू म्हणाल्या. 'येऊ नकोस' म्हणाल्या नाहीत, लक्षात घे.

सून: कधीपासून लावताय तेल?

सासरे: सोमवारपासून. बाटल्यांचं तुला कळलं नाही तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली. रात्रभर झोप नाही, त्यात गुडघा ठणकत होता. म्हटलं, थोडं लावून बघू. ओरडली तर बरंच झालं, लगेच पुसून टाकीन. तू ओरडली नाहीस. मग दुसऱ्या दिवशी जरा जास्त लावलं. मग सवय लागली. तुझ्या दुखण्यावर माझा गुडघा बरा झाला, याचीच लाज वाटते बघ.

सून: आणि त्याआधी? इतकी वर्षं?

सासरे: तू या घरात आलीस त्याच आठवड्यात सांगितलंस, घरात अत्तर नको, उग्र तेल नको, माझं काम नाकावर आहे. शिशी ट्रंकेत टाकली.

सून: दुखत असताना?

सासरे: गुडघा काय, दुखतो आणि राहतो. या दोन बाटल्या ओतून देऊ?

सून: द्या. थांबा, तिसरी आहे ना? लहान बाटलीत ओतलेली, गळ्यापर्यंत भरलेली. तिला हात लावला होतात?

सासरे: तिला नाही. शप्पथ. ती मागे कोपऱ्यात होती, तिच्याभोवतीने पुसलं.

सून: मग ती काढा. एक घोट घ्या आणि सांगा.

सासरे: मी?

सून: तुम्हीच म्हणालात ना, सुई ओवतो म्हणून? मला घाई नाही. आधी नुसता वास घ्या.

सासरे: घेतो. माझ्याच गुडघ्याचा येतोय.

सून: पाय टेबलाखाली घ्या! पेला तिरका धरा. नाक आत घाला, लाजू नका.

सासरे: हं. ताजी आहे गं ही. परवा उघडल्यासारखी. पिकलेला आलुबुखार. आणि मागून लाकूड. रंधा मारल्यावर येतो तसा.

सून: लाकूड आधी की मागून?

सासरे: मागून. अगदी शेवटी.

सून: बरोबर. तसंच यायला हवं. म्हणजे ही टिकली.

सासरे: टिकली. रडतेस कशाला, टिकली की.

सून: नाही रडत. बाबा, उद्याही लावा तेल.

सासरे: घरभर वास सुटेल.

सून: सुटू दे. रोज लावा. भरपूर लावा.

सासरे: लावीन. ज्या दिवशी तू ओरडशील, त्या दिवशी शिशी परत ट्रंकेत.